मठ्ठ म्हणजे काय

ताईने चाळणी उचलून उजेडासमोर धरली, तिच्या भोकांतून खिडकीबाहेर पाहिलं, मग ती खाली ठेवली आणि पुढ्यातल्या चित्राच्या कार्डावर बोट टेकलं.

"हे आणि ते एकच आहे, एवढं कळतंय मला," ती म्हणाली. "पण हे असतं कशासाठी?"

"चाळणी," मठू म्हणाली. मांडीवरच्या शर्टावरून तिने मान वर केली नाही. "पिठातला कचरा काढायला. काल सांगितलं होतं."

"काल सांगितलंस ते आठवतंय की. तू त्या खुर्चीवर बसली होतीस, दूध उतू गेलं आणि तू मला सोडून आत पळालीस. चाळणी तेवढी आठवत नाही."

ताईने पेन्सिल घेतली आणि वहीत लिहिलं, चाळणी, पिठातला कचरा काढायला. अक्षर अजूनही तसंच होतं, चाळीस वर्षं फळ्यावर घासून गोल झालेलं. वेलांटी जिथे हवी तिथे, रेघ जिथे संपायला हवी तिथे. लिहिणाऱ्या बाईला चाळणी म्हणजे काय ते ठाऊक नाही, असं ते अक्षर पाहून कुणीही म्हटलं नसतं.

खालून शिंपी मास्तरांची हाक आली.

"मठूताई, काजं झाली का? गिऱ्हाईक येऊन बसलंय!"

"दोन राहिलीत!" मठूने खिडकीतून ओरडून सांगितलं. "बसू द्या त्याला. उघडा तर नाही ना बसलेला!"

मास्तर खाली हसले. मठूने सुईत दोरा ओवला आणि मनगटाच्या पट्टीतल्या चिरेला पहिला टाका घातला. समोरची सहा, कॉलरचं एक, मनगटांची दोन, अशी एका शर्टाला नऊ काजं. तेराव्या वर्षापासून ती हेच करत होती. मशिनची काजं आली तरी चांगल्या गिऱ्हाइकाला हातचंच काज लागतं, आणि हातचं काज म्हणजे मठूचं, हे त्या रस्त्यावरच्या सगळ्या शिंप्यांना माहीत होतं.

"मठू," ताई स्वतःशीच म्हणाली. शब्द तोंडात घोळवून पाहावा तसा तिने तो घोळवला. "मठू हे मठ्ठवरून आलं. मीच ठेवलं होतं तुझं नाव, नाही का? तू पाच वर्षांची होतीस. उजळणी म्हणता येईना म्हणून जिन्यात रडत बसली होतीस."

"हो."

"मठ्ठ म्हणजे काय गं?"

सुई काजाच्या तोंडाशीच थांबली.

मठू हे काही तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि दाखला आठवीत संपला होता. ताईने मठ्ठ म्हटलं, आईने त्याला दीर्घ ऊकार लावून ते गोड करून घेतलं, आणि मग गल्लीने, सासरने, शिंप्यांनी, सगळ्यांनी तेच उचललं. किती छान लाडाचं नाव आहे, असं नवी माणसं म्हणत. मठू हसे. सेहेचाळीस वर्षं ती हसत आली होती, आणि हसता हसता तिच्या आत जे साचलं होतं त्याला लाड म्हणत नाहीत.

कारण आठवीत ती नापास झाली, दोन विषयांत. त्यातला एक भाषा. ताई तेव्हा वीस वर्षांची, त्याच शाळेत नुकतीच शिकवायला लागलेली. शाळेच्या मोठ्या बाई स्वतः घरी आल्या होत्या. म्हणाल्या, पोरीला एक वर्ष पुन्हा बसू द्या, निघेल ती. बाबांचं मन होय-नाही करत होतं. मठू पडद्याआड उभी राहून ऐकत होती, आणि बाबा 'बरं' म्हणतील असं तिला अगदी वाटत होतं. तेवढ्यात ताई बाहेर आली, तिने मठूच्या हातात पिशवी दिली आणि साखर आणायला पिटाळलं. साखरेचा डबा अर्धा भरलेला होता. मठू धावत गेली आणि धावत आली, तेव्हा खोलीचं दार आतून लावलेलं होतं. ते उघडलं तेव्हा सगळं ठरून गेलेलं. मोठ्या बाईंनी जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या सोमवारी ती शिंप्याच्या ओट्यावर काजं शिकायला बसली.

बंद दाराआड काय झालं ते चौघांना माहीत होतं. मोठ्या बाई गेल्या, बाबा गेले, आतल्या खोलीत निजलेली आई गेली. उरली ताई. आणि ताईला कधीही विचारा, ती म्हणे, "बाबांनीच ठरवलं. माझ्या हातात काय होतं?" हे म्हणताना ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत असे. त्या टोकावरून मठूला पक्कं माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि त्या माणसाच्या तोंडून ऐकणं वेगळं. दुखणं आपलं असलं तरी ते देणाऱ्याने एकदा म्हणावं लागतं की हो, मी दिलं. नाहीतर माणूस आयुष्यभर स्वतःलाच वेडं समजत राहतं.

म्हणून तर ती इथे येऊन राहिली होती. लोकांना काय, एक म्हातारी दुसरीला घास भरवताना दिसली की त्यांचे डोळे भरून येतात. बहीण असावी तर अशी, असं सगळा जिना म्हणायचा. मठूचा नवरा दहा वर्षांपूर्वी गेलेला, मूलबाळ नाही, ताईने लग्नच केलेलं नाही. तेव्हा दोन बहिणींनी एकमेकींना धरून राहावं यात नवल ते काय? मठू मान डोलवायची. तिला ताईची शुश्रूषा करायची नव्हती. तिला एक वाक्य हवं होतं, आणि ते वाक्य आत शिल्लक आहे तोवर हवं होतं.

घाई होती ती त्याचीच. चार महिन्यांपूर्वी थेरपिस्ट मॅडमनी दोघींना समोर बसवून फोटो दाखवला होता. कानशिलामागचा मेंदूचा पुढचा भाग, डावीकडचा, आकसून गेलेला.

"बाईंचं बोलणं शाबूत आहे, व्याकरण शाबूत आहे," त्या म्हणाल्या होत्या. "कालपरवा काय झालं, लहानपणी काय झालं, तेही आठवतं. त्याची जागा मेंदूत वेगळी. शब्दाचा अर्थ जिथे असतो ती जागा जातेय. शेंगेचं टरफल राहतं आणि आतला दाणा जातो, असं समजा."

"मग शिकवायचं कसं?" मठूने विचारलं होतं.

"कार्डं घ्या, वस्तू हातात द्या, रोज घोटून घ्या. घोटलेलं काही दिवस राहील. फक्त एक सांभाळा. तुम्ही सांगाल तेच त्यांना खरं वाटणार. ताडून बघायला आत दुसरं काही नाही."

ताई तेव्हा हसली होती. "म्हणजे आता ही शिकवणार आणि मी शिकणार!" आणि मॅडमना म्हणाली होती, "पालथ्या घड्यावर पाणी हो!" कुठला घडा पालथा ते तिने सांगितलं नाही. मठूला न सांगताही कळलं होतं.

त्यानंतर दर शनिवारी, ताईला न्हाऊ घालताना, तोंडाला साबण लावून झाला की मठू विचारायची. डोळे मिटलेले असतात, हातांना धरायला पदर नसतो, उठून जाता येत नाही.

"त्या दिवशी दार लावून काय म्हणालीस?"

"बाबांनीच ठरवलं," मिटल्या डोळ्यांनी ताई म्हणायची. "पाणी घाल ना. झोंबतंय."

मठू पाणी घालायची, पण जरा थांबून.

आणि आता हीच ताई पेन्सिल हातात धरून, वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलीसारखी तिच्या तोंडाकडे बघत होती. मठ्ठ म्हणजे काय? म्हणजे तोही गेला. ज्या शब्दाने हिने माझं आयुष्य कापून शिंप्याच्या ओट्यावर ठेवलं तो शब्दच हिच्यातून निघून गेला, आणि जाताना मला सांगूनही गेला नाही. मठूच्या डोक्यात तिडीक उठली. तिने दोरा दातांनी तोडला.

"मठ्ठ म्हणजे हुशार," ती म्हणाली.

"हुशार?"

"फार हुशार. अगदी एखादाच असतो तसा."

ताईने लिहून घेतलं. मठ्ठ, फार हुशार. मग वहीवरून वर पाहून ती मनापासून हसली.

"म्हणजे तुझं नाव किती चांगलं ठेवलं मी!"

मठूने दुसरं काज घालायला घेतलं. पहिल्यांदाच तिचा टाका वाकडा गेला आणि तिला तो उसवावा लागला.

बाकीचे शब्द तिने इमानेइतबारे शिकवले, हेही सांगायला हवं. किल्ली, कुलूप, जिना, औषध, बादली. त्यात तिने कधी फसवलं नाही. लबाडी होती ती एका शब्दापुरती, पण त्या एका शब्दावर ती रोज न चुकता मेहनत घ्यायची. सकाळी चहाबरोबर एकदा, दुपारी एकदा. मठ्ठ म्हणजे? हुशार. शाबास. आता वाक्यात उपयोग कर.

वाक्यात उपयोग व्हायला फार दिवस लागले नाहीत. ताईची एक जुनी विद्यार्थिनी, आता कॉलेजची प्राचार्य झालेली, बाईंची तब्येत ऐकून भेटायला आली. सोबत तिच्या हाताखालचे दोन प्राध्यापक, हातात फुलं. ताईने तिला ओळखलं, तिचा वर्ग, तिचा बाक, तिच्या निबंधाची वही, सगळं सांगितलं. मग तिच्या पाठीवर थाप मारून त्या दोघांकडे वळली.

"ही माझी सगळ्यात मठ्ठ विद्यार्थिनी. अख्ख्या शाळेत हिच्याइतकं मठ्ठ कुणी झालं नाही. तुम्हालाही आलाच असेल अनुभव!"

एक प्राध्यापक छताकडे पाहू लागला. दुसऱ्याने बिस्किट तोंडात कोंबलं.

"बाई गंमत करतात," प्राचार्य म्हणाली. तिचा चेहरा लालेलाल झाला होता.

"गंमत कसली? मी तर येईल त्याला सांगते."

मठू स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. तोंडात पंच्याचा बोळा, डोळ्यांतून पाणी. इतकं हसू तिला लग्नाआधी कधीतरी आलं असेल. जिच्या जिभेला सगळी शाळा भ्यायची, चारचौघांत कुणाचा उच्चार चुकला तर जी वाक्य अर्ध्यावर तोडून सुधारायची, ती आज आपलीच सोन्यासारखी पोरगी पाण्यात बुडवत होती आणि वर कौतुकाने हसत होती. जाताना प्राचार्यने मठूचे हात धरले. "तुम्ही आहात म्हणून बरं," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. मठूने चेहरा पडेल तेवढा पाडला.

मग डॉक्टर मठ्ठ झाले. शिंपी मास्तर मठ्ठ झाले. त्या बिचाऱ्यांनी ते हसण्यावारी नेलं. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस मात्र वाकून पान्हा फिरवत असताना ताई मागून म्हणाली, "काय मठ्ठ आहात हो तुम्ही!" त्याने पान्हा पिशवीत टाकला, "मग तुम्हीच करा," म्हणाला आणि निघून गेला. आठ दिवस मोरीतला नळ गळत राहिला आणि आठ दिवस मठू फडक्याने पाणी टिपत राहिली. दुसऱ्याची फजिती करायची तर थोडं पाणी आपल्याही पायाखाली यायचंच. तिला त्याचं काही वाटलं नाही.

तिला वाटलं ते वेगळ्याचं. ताई गप्प व्हायला लागली होती. कार्डं पुढ्यात तशीच पडून, आणि ती वहीचं तेच पान उघडून बसलेली. मधूनच मठूकडे बघायची, खूप वेळ, आणि मठूने पाहिलं की मान खाली घालायची. शनिवारी साबण लावल्यावर मठूने नेहमीचा प्रश्न विचारला तर ती 'बाबांनीच ठरवलं' म्हणाली नाही.

"सांगते," ती म्हणाली. "जरा थांब. अजून जमत नाहीये मला."

आजार वाढला, मठूने मनात म्हटलं. आता बाबांनी ठरवलं हेही हिला सांगता येईना. संपलंच म्हणायचं. तिने त्या दिवशी पाणी लगेच घातलं.

तपासणीचा दिवस आला तेव्हा दोघी बसने गेल्या. मॅडमनी कार्डं दाखवली. पन्नासातली एकवीस आली, मागच्या वेळी तेहतीस आली होती. मग वाक्प्रचार विचारले. 'नाकाने कांदे सोलणे' यावर ताई बराच वेळ विचार करून म्हणाली, "नाकाने कसे सोलणार? हाताला काही झालंय का त्याच्या?" मॅडम हसल्या, मठूही हसली. हा वाक्प्रचार ताईने तीस वर्षं सातवीला शिकवला होता.

"आता एक आठवण सांगा, बाई," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी टेबलावर फोन ठेवून रेकॉर्डिंग लावलं. "कुठलीही. लहानपणची, घरची. मी मधे बोलणार नाही."

ताईने वही मांडीवर घट्ट धरली. ती मठूकडे वळली नाही. मॅडमकडेही पाहत नव्हती.

"आमच्या घरी मोठ्या बाई आल्या होत्या," तिने सुरुवात केली. "दुपारी. बाबा त्या, लाकडी असतं ते, पाय असतात, त्याच्यावर बसले होते. मठू नापास झाली होती. मोठ्या बाई म्हणत होत्या, एक वर्ष द्या हिला. बाबा देणार होते. मला दिसत होतं, बाबा देणार होते. मी मठूला ते पांढरं, गोड, ते आणायला पाठवलं. घरात होतं ते. पण पाठवलं."

मठूने खुर्चीचा हात धरला.

"मग मी दार लावलं. मी म्हटलं, बाबा, ही मठ्ठ आहे. हिला शाळेत ठेवून उपयोग नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, अहो, एकच वर्ष. मी म्हटलं, एक काय, दहा द्या, ही मठ्ठ ती मठ्ठच राहणार. त्यापेक्षा शिवणाला घाला. मी त्याच शाळेत शिकवते, मला खाली बघावं लागतं हिच्यामुळे. बाबा म्हणाले, तू शिकलेली आहेस, तू म्हणतेस तर तसं. मोठ्या बाई उठल्या. आणि..."

ताई थांबली. ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हता. तिने वही उघडली, पानावर बोट ठेवलं, बोट तिथेच राहिलं.

"आणि?" न राहवून मॅडमनी विचारलं.

"पुढचं जमत नाही," ताई म्हणाली.

"छान सांगितलंत. खूप सांगितलंत." मॅडमनी रेकॉर्डिंग बंद केलं आणि वाकून वहीत पाहिलं. "बाई, मठ्ठ म्हणजे काय?"

"हुशार. फार हुशार."

मॅडमनी भुवया उंचावून मठूकडे पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं, किंवा आलं असं त्यांना वाटलं, आणि त्या मोकळेपणाने हसल्या.

"लहानपणी मठ्ठ म्हणायच्या, म्हणून उलटा अर्थ सांगून ठेवलात होय? गोड सूड आहे हो तुमचा! पण बदला तो. चारचौघांत त्यांचं हसं होईल."

"बदलते," मठू म्हणाली.

दवाखान्यासमोरच्या थांब्यावर दोघी बाकावर बसल्या. बसला वेळ होता. माणसं येत होती, जात होती, कुणी छत्री झटकत होतं, कुणी फोनवर भांडत होतं. मठूला ते काही दिसत नव्हतं. मिळालं होतं. सेहेचाळीस वर्षांनी, एकेक शब्द, साखरेच्या डब्यासकट. 'मला खाली बघावं लागतं हिच्यामुळे.' एवढं तर तिने कल्पनेतही कधी ऐकलं नव्हतं. आणि एवढं मिळून हाताला काहीच लागत नव्हतं, कारण ज्या शब्दावर सगळं उभं होतं त्याच्या आत तिनेच भलतं भरून ठेवलं होतं. ताईच्या लेखी ताईने बाबांजवळ तिची स्तुती केली होती! कबुली द्यायला आलेल्या माणसाच्या तोंडात आपणच साखर कोंबावी, तसं झालं. करायला गेले काय आणि झालं काय.

शेजारी ताई वहीवर वाकून बसली होती. कपाळावर आठ्या होत्या. एकदा तिने हात पुढे करून मठूच्या गुडघ्यावर ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"मठू," ती म्हणाली, "मी आठ दिवस..."

"थांब," मठू म्हणाली. "आधी ते खोड."

"काय?"

"तो शब्द. मी चुकीचा सांगितला तुला. मुद्दाम सांगितला. पेन्सिल घे."

ताईने मुकाट्याने पेन्सिल घेतली.

"मठ्ठ म्हणजे हुशार नाही. मठ्ठ म्हणजे ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही. कितीही शिकवा, कळत नाही. मूर्ख. समजलं? हे म्हणालीस तू बाबांना माझ्याबद्दल. दार लावून."

मठूचा आवाज चिरकला. फोनवर भांडणाऱ्या माणसाने वळून पाहिलं. ताईने 'फार हुशार' या अक्षरांवर एक सरळ रेघ मारली, शाळेत मारायची तशी, आणि शेजारी सावकाश लिहिलं, ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही. लिहून झाल्यावर तिने ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. मठू तिच्या तोंडाकडे बघत होती. आता कळेल. दार आठवतंय, बाबा आठवतात, साखर आठवते; आता त्यात हा शब्द खरा होऊन बसेल, आणि मग ही वर बघेल.

ताईने वर पाहिलं. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. इतके दिवस चेहऱ्यावर साचलेलं काहीतरी उतरलं होतं आणि तो अगदी मोकळा, ताजा दिसत होता.

"अगं बाई, असं आहे होय!" ती म्हणाली. "बरं झालं सांगितलंस. आठ दिवस जीव खाल्ला माझा या शब्दाने. मला आपलं वाटायचं, एवढी हुशार पोर, आणि मी तिला शाळेतून काढायला लावलं? का असं केलं मी? काही केल्या जमेना. इतकं वाईट वाटत होतं, मठू, तुझ्याकडे बघवत नव्हतं. आत्ताच म्हणणार होते तुला, चुकलं गं माझं, असं." तिने वही मिटली. "पण मग मी बरोबरच सांगितलं की बाबांना."

मठूने झडप घालून वही ओढली, पान काढलं आणि रेघ मारलेल्या अक्षरांवर बोट आपटलं.

"नाही ताई, माझं चुकलं. मघाशी चुकून बोलले. हेच बरोबर होतं, हे पहिलं. मठ्ठ म्हणजे हुशारच. लिही पुन्हा. ताई, हुशारच!"

ताईने तिच्या हातातून वही हळूच सोडवून घेतली आणि पिशवीत ठेवली. पिशवीचा बंद ओढला. समोरून बस वळत होती.

"असू दे गं," ती समजूत घातल्यासारखी म्हणाली. "तुला नाही कळायचं ते. चल, ऊठ."